पाण्याला शीग नसते

रविवारी सकाळी सोपानराव खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर अजून साबण होता आणि वस्तरा कानाखाली टेकवलेला होता, तेवढ्यात त्यांना आरशात मागची ओटी दिसली. शेजारच्या शालनबाई पितळी डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांचे यजमान देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला, माणसं मूळची परभणीकडची, चिंचवडात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. "आबा, रेशनचं दुकान मंगळवारी उघडंल म्हणतेत. तवर एक पायली द्या. मंगळवारी आणून देते," असं त्या म्हणत होत्या, आणि सोपानरावांचे वडील, ज्यांना सगळी आळी आबा म्हणायची, ते कोपऱ्यातली लोखंडी पायली काढत म्हणत होते, "ने की बाय. मागायला लाजायचं न्हाई." आबांनी धोतराचं जुनं पान खाली अंथरलं, त्यावर पायली ठेवली आणि घरच्या डब्यातली मिलो तिच्यात ओतायला सुरुवात केली. मिलो म्हणजे त्या साली रेशनवर येणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी. भाकरी थापली की कडेला फाटायची आणि खाल्ली की दुपारपर्यंत पोटात बसून राहायची, म्हणून बायका तिला नावं ठेवत आणि रांग लावून नेत. पायली काठोकाठ भरली. आबा थांबले नाहीत. दोन्ही तळव्यांची कड करून ते धान्य वर सोडत राहिले, काठाच्या वर धान्याची शीग डोंगरासारखी चढत गेली, शेवटी एक दाणा टोकावर बसला, दुसरा बसेना, तो घरंगळून धोतरावर पडला. तेव्हा कुठे आबा म्हणाले, "लाभ." मोजायची एकच पायली होती तरी पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही त्यांची जन्माची सवय. सोपानरावांनी आरशात तो काठावरचा डोंगर पाहिला आणि त्यांचा हात हलला. कानाखाली रक्ताची बारीक रेघ उमटली. ती त्यांना कितीतरी वेळ कळलीच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी ह्याच ओटीवर, ह्याच पायलीत, ह्याच हातांनी आबांनी त्यांना माप घालून दिलं होतं. आणि त्या मापावर धान्याची एक आगबोट भरायची ठरली होती.

सोपानरावांची कचेरी मुंबईत, फोर्टात. आठवड्याचे सहा दिवस ते तिकडे चौघांत एक खोली करून राहत आणि शनिवारी चिंचवडला घरी येत. कचेरीचं काम सांगायला सोपं होतं. परदेशातून सरकार जे धान्य आणतं त्याला बोटीत जागा वाटून द्यायची. अमुक बोटीत गहू किती, मिलो किती, कुठल्या बंदरात उतरायचं, कुठल्या जिल्ह्याला जायचं. हे सांगायला सोपं होतं तोवर बोटी होत्या. आता कोरियात लढाई जुंपली होती, जगातल्या निम्म्या बोटी तोफा आणि सैनिक वाहायला गेल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांवर सगळ्या जगाची पोटं चढू बघत होती. जानेवारीपासून माणशी रोजचं रेशन बारा औंसांवरून नऊवर आलं होतं. सोपानरावांच्या टेबलावर जागेसाठी अर्ज येत, त्यांचा ढीग पुढ्यातल्या शाईच्या दौतीच्या वर गेला होता. युद्ध त्यांनी पाहिलं नव्हतं. ते त्यांना फक्त मोकळ्या न राहिलेल्या जागेच्या रूपाने माहीत होतं. आधीच्या महायुद्धातही ह्याच कचेरीत ते उमेदवार म्हणून लागले होते, तेव्हापासून आठ वर्षं त्यांनी बोटी कागदावरच पाहिल्या. एकदाच गोदीत जायची वेळ आली, तेव्हा बोटीच्या पोटात डोकावून त्यांना भोवळ आल्यासारखं झालं. खाली, फार खाली, धान्यात गुडघाभर रुतलेली माणसं फावडी मारत होती आणि त्यांचा आवाज वरपर्यंत येत नव्हता. ह्या एवढ्या विवरात मी पेन्सिलीने रेघा मारतो, असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्या रात्री जेवताना ताटातल्या भाताकडे ते परक्यासारखे बघत बसले होते.

मिलो हे धान्य नवं. एक टन मिलोला बोटीत जागा किती लागते, ह्यावर अमेरिकेतल्या दोन अडत्यांच्या दोन तारा आल्या होत्या. एकाने म्हटलं पन्नास घनफूट, दुसऱ्याने म्हटलं पंचेचाळीस. फरक पाच घनफुटांचा; पण नऊ हजार टनांच्या बोटीत त्या पाचाची पंचेचाळीस हजार होतात. साहेब मद्रासकडचे, मितभाषी, आकड्यांवर श्रद्धा असलेले. ते नुसतं म्हणाले, "खरं कोणतं?" कुणी काही म्हणायच्या आत सोपानराव बोलून गेले, "मी मोजून सांगतो." मापाऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, दुसरं काय बोलणार. आबांनी चाळीस वर्षं चाकणच्या बाजारात आणि आसपासच्या खळ्यांवर धान्य मोजलं होतं. शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा एकमेकांवर विश्वास नसायचा, पण दोघांचा आबांच्या हातावर असायचा. सोपानराव शनिवारी नमुन्याची पिशवी घेऊन घरी आले. आबांना म्हणाले, "आबा, पायली भरा." आबांनी भरली. सोपानरावांनी ते धान्य पिशवीत ओतून बबनराव वाण्याच्या काट्यावर नेऊन तोललं. मग पायलीत किती मावतं ते काढायला ती पाण्याने भरली, काठोकाठ, आणि दवाखान्यातून आणलेल्या खुणांच्या पेल्याने ते पाणी पेला पेला करून मोजलं. कागदावर भागाकार केला. उत्तर आलं चव्वेचाळीस आणि काही. पंचेचाळीसवाला अडत्या खरा ठरला. सोमवारी साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि फायलीवर शाबासकीची ओळ लिहिली. कचेरीत बढतीची कुजबुज सुरू झाली. त्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की बोटीत नवी जागा सापडली. आणि ती जागा सोपानरावांनी दुधाच्या भुकटीला दिली. निर्वासितांच्या छावण्यांतल्या आणि दवाखान्यांतल्या तान्ह्या मुलांसाठी ही भुकटी चार महिने परदेशाच्या धक्क्यावर पिंपांत पडून होती, चारदा तिचा अर्ज आला होता आणि चारदा सोपानरावांनीच त्यावर 'जागा नाही' असं लिहिलं होतं. पाचव्यांदा त्यांनी लिहिलं, 'जागा आहे.' ते दोन शब्द लिहिताना त्यांना देवळाच्या पायरीवर बसल्यासारखं वाटलं होतं.

आता त्यांनी तोंडावरचा साबण तसाच टॉवेलने पुसला आणि ओटीवर गेले. शालनबाई गेल्या होत्या. आबा खाली पडलेले दाणे वेचत होते. सोपानराव पायलीजवळ उकिडवे बसले. रिकामी लोखंडी पायली, आतून गुळगुळीत झालेली. त्यांनी तळहात तिच्या काठावर आडवा ठेवला. धान्य ह्याच्या वर होतं. धान्य ह्या हाताच्या वर चार बोटं होतं. वजन त्यांनी त्या शिगेसकट केलं होतं आणि जागा पाण्याने मोजली होती. पाणी काठाशी आलं की सांडतं. पाण्याला शीग नसते. इतकी साधी गोष्ट, पाणवठ्यावरच्या पोरीलाही कळेल अशी, आणि ती त्यांना मॅट्रिक होऊन, सरकारी कचेरीत आठ वर्षं काढून, तीन आठवडे दिसली नव्हती. ती कशी दिसणार? लहानपणापासून पायली म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे शिगेचीच पायली उभी राहायची. सपाट पायली त्यांनी घरात कधी पाहिलीच नव्हती. आबांच्या लेखी सपाट माप म्हणजे अर्धवट बोललेला शब्द. जगात कुणी काठाशी थांबतं, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. "काय बघतुयास?" आबांनी विचारलं. "काही नाही," सोपानराव म्हणाले. त्यांनी आत जाऊन कोटाच्या खिशातली पेन्सिल काढली आणि पंचांगाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. शिगेचं धान्य वजा केलं. उत्तर आलं एकोणपन्नास आणि वर काही. पन्नासवाला खरा होता. बोटीत नऊशे टनांची जागा नव्हतीच. ती फक्त आबांच्या दोन तळव्यांच्या वर, हवेत होती.

नऊशे टन. हा आकडा त्यांनी हजारदा लिहिला असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा तो त्यांना उचलून बघावासा वाटला. नऊशे टनांचे औंस केले, औंसांना नऊने भागलं. अख्ख्या पुणे शहराची आठवड्याची भाकरी. शनवारातल्या, रविवारातल्या, भवानी पेठेतल्या सगळ्या चुली, सगळी पोरं, सगळ्या म्हाताऱ्या, एक आठवडा. आणि ती भाकरी त्यांच्या बापाच्या हाताच्या कडेला उभी होती. सोपानरावांना भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण भीतीच्या वर दुसरंच काही दाटून आलं होतं. आपण केवढ्या मोठ्या गोष्टीला हात लावून बसलो होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं. बोट परवा नव्हे, उद्याच तिकडे अमेरिकेत भरायला लागणार होती. काही न बोलता गप्प बसलं तर काय होईल, तेही त्यांना पाठ होतं. धक्क्यावर जे शेवटी येईल ते मागे राहील. धान्य राहील नाहीतर दूध राहील. पिंपं आधी आली तर नगर-सोलापूरकडच्या दुष्काळी तोंडांतला घास मागे राहील. मग तार येईल, 'जागा अपुरी पडल्याने.' अशा डझनभर तारा त्यांनी स्वतःच्या हाताने फायलीला लावल्या होत्या. कुणी कधी विचारलं नव्हतं की जागा अपुरी का पडली. समुद्रावर खापर फोडलं की समुद्र काही खुलासा मागत नाही. बढती होईल, शाबासकी तशीच राहील, आणि तिकडे कुठल्याशा उघड्या धक्क्यावर काहीतरी सडत पडेल. त्यांनी पंचांग मिटलं. अंगात सदरा अडकवला. बायको इंदुताई चुलीपुढून म्हणाली, "अहो, जेवायची वेळ झालीय. आणि गालाला रक्त आहे." "पिंपरी स्टेशनवर जाऊन येतो," ते म्हणाले. "रविवारी?" तोवर ते अंगणात उतरले होते.

तारेची सोय पिंपरीला होती आणि तिथला तारबाबू दौलतराव त्यांच्या ओळखीचा होता. उन्हं चढली होती. माळावर नव्या कारखान्यांसाठी आखलेले चुन्याचे पट्टे पांढरे चमकत होते, पण कारखाने अजून कागदावरच होते. सोपानरावांना त्यांची कीव आली, कारण कागदावरच्या गोष्टी काय करतात ते त्यांना आज कळलं होतं. वाटेत निर्वासितांची छावणी लागली. एरवी ते कडेकडेने जात. आज दूधवाटपाच्या पत्र्याच्या शेडपुढे त्यांचे पाय आपोआप थांबले. आत पिंपरी गावातली मंजुळाबाई मोठ्या पातेल्यात लाकडी पळीने दूध ढवळत होती. सिंधी बायका कडेवर पोरं घेऊन ओळीत उभ्या होत्या, कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात तुपाचा रिकामा डबा. पळीचा आवाज तेवढा येत होता. मंजुळाबाईने ओळखीचं हसून म्हटलं, "काय सोपानराव, तुमी हिकडं?" त्यांनी विचारलं, "भुकटी किती दिवस पुरेल?" ती पातेल्याकडे बघून म्हणाली, "भुकटी कवाच सरत आली. आता पानी वाढवतुया. मागल्या म्हयन्यात दोन तांबे घालत व्हते, आता चार. पोरं पितात बिचारी. तेस्नी काय कळतंय. आयांना कळतंय, पन त्याबी बोलत न्हाईत." मग पळी कडेला ठोकून म्हणाली, "नवी बोट येनार म्हनं पुढल्या म्हयन्यात. डाक्टर म्हनत व्हता." सोपानराव म्हणाले, "हो. येणार आहे." ओळीतल्या पहिल्या बाईने तांब्या पुढे केला. पातळ, निळसर दूध त्यात पडलं. कडेवरचं पोर तांब्याकडे बघत राहिलं, आणि त्या नजरेत मागणं नव्हतं, तक्रार नव्हती, नुसता अचंबा होता. जणू हे असं कुठून तरी येतं, रोज येतं, हेच त्याला पुरेसं होतं. सोपानरावांना वाटलं, बोटीत जागा देणारा मी, पण हे पोर जितक्या आदराने ह्या तांब्याकडे बघतंय तितक्या आदराने मी कधी एका अर्जाकडेही पाहिलं नाही.

दौलतराव टोपी काढून, पाय खुर्चीवर घेऊन पेपर वाचत होता. "या सोपानराव. रविवारी तार? कुणाचं लग्न मोडलं काय?" सोपानरावांनी कागद मागितला आणि साहेबांच्या बंगल्याच्या पत्त्यावर लिहिलं: मिलोचं माप चुकलं. पन्नास धरावे. नऊशे टन जागा कमी. चूक सर्वस्वी माझी. दौलतरावाने शब्द मोजले, 'सर्वस्वी' ह्या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "हा काढला तरी चालेल. अर्थ तोच राहतो." सोपानराव म्हणाले, "राहू द्या." तारयंत्राची किल्ली कडकडली आणि ते शब्द तारेवरून खंडाळ्याच्या घाटाकडे निघून गेले. इतक्या सहज गेले की सोपानरावांना आश्चर्य वाटलं. एवढं मोठं ओझं, आणि ते न्यायला एक सुतळीएवढी तार पुरली.

ते फलाटाच्या टोकाला लिंबाखालच्या बाकावर बसून राहिले. तासाभराने रुळांच्या कडेने कुणी येताना दिसलं. आबा होते. डोक्याला फडकं, हातात डबा. सत्तरीचा माणूस उन्हात दोन मैल चालत आला होता. "सूनबाई म्हनली, उपाशी गेलाय. म्हनलं मीच जातो," एवढं बोलून ते शेजारी टेकले. सोपानरावांनी डबा उघडला. मिलोची भाकरी, कडेला फाटलेली, आणि वांग्याचं भरीत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून ठेवला. आबा रुळांकडे बघत होते. मान न वळवता ते म्हणाले, "माझ्या मापात काय खोट निघाली का, सोपाना?" आबांनी कचेरीतलं काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "सकाळी तू पायलीवर हात ठिवून बघत व्हतास. चाळीस वरसांत माझ्या पायलीवर कुनी हात ठिवला न्हाई." आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. सोपानरावांनी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. वजन शिगेसकट केलं, आणि पायली किती मोठी ते पाण्याने मोजलं. आबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी खरोखरीचं नवल उमटलं, मग ते हसले, दोनच दात उरलेल्या तोंडाने, अगदी मोकळे. "आरं, पान्याला कुठली आलीय शीग?" सोपानरावांना तीन आठवडे घालवून आणि एक गाल कापून घेऊन जे कळलं होतं ते ह्या अंगठेबहाद्दर माणसाला एका वाक्यात कळलं. मग हसू विरलं. आबा म्हणाले, "मला सांगायचं व्हतं, कशापायी मोजतुयास. मी हात मारून सपाट दिली असती. माप मागंल तसं देता येतं. मला वाटलं, घरच्यासाठी भरतुया." घरच्यासाठी. नऊ हजार टनांची बोट आणि आबांनी ती घरच्यासारखी भरली होती.

चारच्या सुमारास दौलतराव कागद घेऊन फलाटावर आला. साहेबांचं उत्तर होतं, त्यांच्यासारखंच मोजकं. दुरुस्ती मान्य. काय वगळायचे ते तुम्हीच सुचवा. संध्याकाळी सहापर्यंत. अमेरिकेला तार आजच जाणार. सोपानरावांनी तो कागद वाचला, मांडीवर ठेवला, पुन्हा वाचला. ह्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. बोटीची यादी त्यांनीच केली होती, त्यांना ती डोळे मिटून दिसत होती. दोन दुष्काळी जिल्हे. त्यांचा वाटा आधीच इतका खाली आला होता की त्याखाली नेणं म्हणजे रांगेतल्या माणसाला परत पाठवणं. पुणे जिल्ह्याचा वाटा. आणि दुधाची भुकटी. खरं तर निवड दोहोंतच होती, दूध किंवा पुणे. दूध काढणं सोपं. ते यादीत शेवटी चढलं होतं, शेवटी चढलेलं आधी उतरतं हा गोदीचाही नियम आणि कचेरीचाही. पाचव्या अर्जावर पुन्हा 'जागा नाही' लिहायचं, की झालं. पुणे काढलं तर नऊ औंसांचे आठ होतील, कदाचित सात, कदाचित महिनाभर. पण मोठी माणसं ओरडतील, मोर्चे काढतील, जगतील. पुणे म्हणजे भवानी पेठ. पुणे म्हणजे शालनबाई. पुणे म्हणजे ही मांडीवरची भाकरी. त्यांची पेन्सिल हातात होती आणि बोटं घामाने निसरडी झाली होती. कुठल्याही माणसाच्या हाती एवढं देऊ नये, असं त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं की कुणाच्या तरी हाती हे असतंच. रोज, कुठल्याशा टेबलावर, कुणीतरी घाम पुसून हे ठरवतं आणि मग आपण जेवायला बसतो. सगळं जग आपापल्या ताटावर बसलेलं आणि मागे कुठेतरी एक पेन्सिल.

"आबा," ते म्हणाले, "खळ्यावर मोजताना रास कमी भरली तर? सगळ्यांचे वाटे ठरलेले, आणि शेवटी कमी पडलं. मग कुणाचं कमी करायचं?" आबांना विचार करावा लागला नाही. "मापाऱ्याचं." "म्हणजे?" "म्हंजे मापाऱ्याचं. राशीच्या तळाला राहील ती ओंजळ मापाऱ्याची. कमी पडली तर ती आधी जायची. एकदा म्हाळुंग्याच्या खळ्यावर सुताराच्या रांडमुंड बायकूचा वाटा आला न् रास सरली. मी उठलो, पायली झाडली, रिकाम्या हातानं घरी आलो. तुझी आय चार दिस बोलली न्हाई." मग ते म्हणाले, "मोजनाऱ्यानं सोताचं राखून मोजलं, की माप खोटं व्हतं. शीग कितीबी घाल मग." सोपानराव ऐकत होते. हे इतकं सोपं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. आबांनी आपली एक ओंजळ सोडली होती. ह्यांच्या ओंजळीत एक अख्खा जिल्हा होता, आणि त्यातल्या कुणालाही न विचारता ते ती सोडणार होते. उपाशी राहण्याचं पुण्य स्वतःला आणि उपास दुसऱ्यांना, असाही ह्याचा अर्थ होत होता. पण दुसऱ्या बाजूला तो तांब्या होता, निळसर दुधाचा, आणि त्याच्याकडे बघणारं पोर, ज्याला कमी पडलं तर ओरडताही येणार नव्हतं. आपल्या माणसांकडून मागता येतं. आपल्याच माणसांकडून मागता येतं. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. दूध ठेवावे. पुणे जिल्ह्यातून मिलो नऊशे टन वगळावे. बढतीचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, शेजारी बसला, आणि निघून गेला.

दौलतरावाने कागद घेतला आणि सवयीने शब्द मोजू लागला. बोट मध्येच थांबलं. त्याने वर पाहिलं. हा हसतमुख माणूस, पाच मुलांचा बाप, स्टेशनामागच्या दोन खोल्यांत राहणारा. गेल्या महिन्यात तो मिलोच्या भाकरीवर विनोद करत होता, की एक खाल्ली की रेल्वेचा रूळ गिळल्यासारखं वाटतं. आता विनोद करत नव्हता. "पुणे जिल्हा म्हणजे," तो हळू आवाजात म्हणाला, "आपणच की हो, सोपानराव." सोपानराव म्हणाले, "हो. आपणच." "आणि दूध कुणाला?" सोपानरावांनी खिडकीतून बाहेर, माळापलीकडे, छावणीच्या पत्र्यांकडे पाहिलं. दौलतरावानेही पाहिलं. तो किल्लीपुढे बसला पण बोट किल्लीच्या वर, हवेत, तसंच राहिलं. सोपानरावांना वाटलं, हा आता कागद परत देईल, म्हणेल हे मला नाही जमणार. दारात आबा उभे होते, भाकरीचा डबा हातात घेऊन, आत काय चाललंय ते न कळता. सहा वाजायला दहा मिनिटं होती. मग दौलतरावाने टोपी डोक्यावर घातली, जशी तो फक्त साहेब तपासणीला आला की घालायचा, आणि किल्ली वाजायला लागली. एकेक अक्षर करून दूध गेलं, पुणे गेलं, नऊशे गेलं. संपल्यावर त्याने हात उचलला नाही. तारखात्याचा नियम असतो, की संदेशातला आकडा आणि गावाचं नाव शेवटी पुन्हा एकदा पाठवायचं, म्हणजे पलीकडे चूक व्हायला नको. दौलतरावाने आकडा पुन्हा पाठवला. मग दोन्ही कोपर टेबलावर नीट रोवून, अगदी सावकाश, एकही टिंब न चुकवता, त्याने दुसऱ्यांदा पुणे पाठवलं.